ताबा आणि भोगवटा

मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या माणसाला दोन शब्द शब्दकोश न उघडता कळतात: ताबा आणि भोगवटा. ताबा बिल्डर देतो, भोगवट्याचा दाखला पालिका देते, आणि या दोन तारखांच्या मध्ये एखाद्या घरातल्या पोराचं बारसं आणि मुंज दोन्ही उरकून जातात. आम्हाला भाईंदर पूर्वेच्या फ्लॅटचा ताबा १९९३ साली मिळाला. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, आणि आमचं घर अर्थातच चौथ्यावर. चावी हातात ठेवताना बिल्डरचा माणूस म्हणाला, "आता घर तुमचं. हवं ते करा." आम्ही हौसेने देव्हाऱ्यासाठी एक खिळा ठोकला. तो शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात निघाला.

पण त्या घराला एक खिडकी होती. तिच्यातून मिठागरं दिसत. भरतीचं पाणी आत घेऊन अडवलेले चौकोन, त्यांच्यामधले बांध, कडेला पांढऱ्या मिठाच्या राशी आणि पलीकडे खाडी. संध्याकाळी त्या चौकोनांत आभाळ उतरायचं. पाहुणे आले की मी त्यांना आधी खिडकीपाशी नेत असे आणि मग पाणी विचारत असे. चार जिने चढून आलेल्या माणसाला हा क्रम आवडत नसे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पुढे व्हायचं तेच झालं. १९८५ साली नगरपालिका झालेल्या गावाची २००२ साली महानगरपालिका झाली. तोवर आमच्या खिडकीसमोर एक इमारत उभी राहिली होती. आता खिडकीतून समोरच्यांचा टीव्ही दिसतो, आणि बातम्या आम्ही त्यांच्याच बघतो. मात्र इमारत येण्याआधी मी एक फोटो काढून ठेवला होता. तो मुलाने मला स्कॅन करून दिला, आणि या सगळ्या भानगडीचं मूळ तो फोटो आहे.

आमच्या लहानपणी थोरल्या भावाचे शर्ट धाकट्याकडे येत. आता मुलाचे फोन बापाकडे येतात. पुण्याच्या चिरंजीवांनी नवा घेतल्यावर त्यांचा जुना आयफोन असाच माझ्याकडे उतरला. वस्तू उत्तम होती. एखाद्या चांगल्या सोसायटीसारखा कारभार: फाटक स्वच्छ, वॉचमन सलाम ठोकणारा, दिवे वेळेवर लागणारे. फक्त बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, दाराचा रंग बदलायचा नाही आणि तुळशीची कुंडी कुठे ठेवायची ते कमिटी ठरवणार. मी मिठागरांचा फोटो पडद्यावर लावला आणि माझ्या लक्षात आलं, की सगळी चित्रं वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एकाला एक चिकटून उभी राहतात. मधलं एक काढलं की मागचं लगेच पुढे सरकतं आणि जागा भरून टाकतं. संध्याकाळच्या भाईंदर लोकलमध्ये बोरिवलीला कुणी उठला की त्याच्या जागेचं जे होतं, हुबेहूब तेच. माझ्या पाण्यावर कॅल्क्युलेटर, खाडीवर हवामान आणि मिठाच्या राशीवर बँक.

खिडकीसमोर इमारत आली तेव्हा मी काही करू शकलो नव्हतो. पण हातातल्या फोनमध्येसुद्धा माझ्या मिठागरांवर बांधकाम व्हावं?

म्हणून २०२४ च्या गणपतीच्या तोंडावर मी ठरवलं, की अँड्रॉइड घ्यायचा. मीरा रोड स्टेशनबाहेरच्या दुकानातला मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. "अंकल, लोग तो उल्टा करते हैं." पोराला इंग्रजी शाळेतून काढून मराठी शाळेत घातल्यावर नातेवाईक ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने त्याने मला फोन दाखवले. चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, नक्की काय करायचंय तुम्हाला त्यात?" मी म्हणालो, "रिकामी जागा ठेवायचीये." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने आईला फोन द्यायला सांगितलं.

नव्या फोनचा ताबा मिळाला आणि मी घरभर सुटलो. आधी त्याची भाषा मराठी केली. अँड्रॉइडच्या कारभारात मराठी २०१४ सालीच आली होती, त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते 'रद्द करा' असं मराठीत वाचून मला आलेल्या अधिकाराच्या भावनेचं. बँकेत पस्तीस वर्षं काढली, पण काही रद्द करण्याचा हुकूम माझ्या हातात कधी आला नव्हता. मग लाँचर नावाची वस्तू बदलली. म्हणजे घर तेच, फक्त दर्शनी भाग नवा. चित्रांचे आकार बदलले, घड्याळ काढलं, सगळी चित्रं पडद्यामागच्या खणात कोंबली. आणि समोर मिठागरं. मोकळी, अथपासून इतिपर्यंत.

इथे थांबलो असतो तर हा लेख सुखान्त झाला असता. पण ताबा मिळालेला माणूस थांबत नाही. नव्या फ्लॅटवाल्यांना विचारा. एक भिंत पाडली की दुसरी डोळ्यांत खुपू लागते.

कुणीतरी सांगितलं, की सेटिंगमध्ये बिल्ड नंबर असतो, त्यावर सात वेळा टिचकी मारली की एक गुप्त दालन उघडतं. मी मारल्या. सात पावलं चालून माणूस नवरा होतो; सात टिचक्यांनी, फोनच्या म्हणण्यानुसार, मी डेव्हलपर झालो. मीरा-भाईंदरमध्ये हे बिरुद साधं नाही. इथे डेव्हलपर म्हणजे ज्याचं नाव कमानीवर असतं, ज्याच्या वाढदिवसाचे फलक लागतात. मी ताबडतोब आतल्या खोलीत जाऊन ही बातमी दिली. बायको मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या भरत होती. त्यासुद्धा सातच. मोहरी डावीकडे, हळद मधोमध, हिंगाची डबी बाहेर. तीस वर्षांत तिने हा क्रम स्वतः लावलाय आणि अंधारात हात बरोबर पडतो. ती मान वर न करता म्हणाली, "डेव्हलपर झालात ना? मग आधी बाथरूमची गळती काढा."

त्या गुप्त दालनात खिडक्या उघडण्या-मिटण्याचा वेळ निम्मा करता येतो. तसं केल्यावर फोन तरणाबांड झाला आणि दोन दिवस मलाही तसंच वाटलं. पण हळूहळू एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. हा फोन फार विचारतो. एखादी फाइल उघडायला गेलं की विचारतो, कशाने उघडू? आणि खाली दोन पर्याय: 'फक्त एकदा' किंवा 'नेहमी'. बासष्टाव्या वर्षी सकाळी चहाच्या आधी माणसाला असले प्रश्न विचारू नयेत. आयुष्यात मी ज्याला ज्याला 'नेहमी' म्हटलं ते टिकलं नाही, आणि 'फक्त एकदा' म्हणून जे केलं ते अजून चालूच आहे. सोसायटीचं खजिनदारपद, उदाहरणार्थ.

आणि मग गणपतीतच थट्टा झाली. १६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री, आयफोनची अठरावी आवृत्ती आली. तिच्यात काय आलं? तर आता चित्रं हवी तिथे ठेवा, हवी तेवढी जागा रिकामी सोडा. पुढच्या वर्षी, २०२५ साली, त्यात मराठीही आली. आपण घर विकावं आणि पंधरा दिवसांत गल्लीत मेट्रोचं स्टेशन जाहीर व्हावं, तसलाच प्रकार. चिरंजीवांनी नुसता अंगठा पाठवला. वर केलेला होता, पण टोचला.

मात्र खजिनदाराचं डोकं असल्या वेळी हिशेबाकडे वळतं. आमच्या सोसायटीत गेली कित्येक वर्षं सर्वसाधारण सभेत एकच विषय आहे: मानीव अभिहस्तांतरण. ज्यांना हे ठाऊक नाही ते सुखी आहेत. फ्लॅट तुमचा असतो, पण खालची जमीन कागदावर बिल्डरच्याच नावावर राहते. ती मिळवण्यासाठी २००८ साली कायद्यात सोय झाली. त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला, हा योगायोग बाकी कुणाच्या लक्षात आला असेल असं वाटत नाही. पण मला दोन्हीकडे एकच नकाशा दिसतो. अँड्रॉइडचा पाया लिनक्सचा. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो घालायला घेतला आणि सगळ्यांना खुला ठेवला, एखाद्या गावच्या गायरानासारखा. त्यावरचे बरेच मजलेही खुले आहेत. पण दुकान, नकाशे आणि कुलपांच्या किल्ल्या असलेली गच्ची गूगलकडे. त्या गच्चीवरून भांडण आपल्याकडेही झालं, आणि फोनवाल्या कंपन्यांना गूगलची ॲप्स आधीच घालून द्यावी लागतात अशा कारणांवरून स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. म्हणजे मी जिथून निघालो तिथे जमीन आणि घर दोन्ही दुसऱ्याचं होतं. जिथे आलो तिथे निदान आतल्या भिंती माझ्या. मध्यमवर्गीय माणसाच्या प्रगतीचं एवढं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

'भोगवटा' शब्द त्या दिवसांत मला नव्याने दिसला. त्यात भोग आहे. देवाला लावतात तोही, आणि नशिबात येतो तोही. ताब्याच्या कागदावर एक सही लागते. भोगवटा रोज करावा लागतो.

तो माझ्या फोनमध्ये कसा आला ते सांगतो. पाण्याचा टँकर बोलवायचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, कारण खजिनदार मी. पण बोलावते बायको, कारण टाकी रिकामी झाल्याचं कळतं तिला. मी नेमका अंघोळीत, डोक्याला साबण लावलेला, आणि बाहेरून हाका. "अहो, नंबर कुठे गेला? सगळं कुठे लपवलंत?" आतून मी ओरडत होतो, "खालून वर सरकव! खण उघड! मग शोध!" तिने खालून वर सरकवलं, डावीकडून उजवीकडे सरकवलं. टँकर मिळेपर्यंत माझ्या डोक्यावरचा साबण वाळला होता.

दोन दिवसांनी फोन उघडला, तर मिठागरांच्या ऐन मध्यभागी, जिथे संध्याकाळचं आभाळ उतरतं बरोबर तिथे, एक गोल. त्यात टँकरवाल्याचं नाव. टिचकी मारली की थेट फोन लागतो. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून शिकून तिने स्वतः ठेवला होता, हळदीच्या वाटीसारखा, अंधारात हात पडेल असा.

"अगं, एवढी जागा मोकळी केली होती मी," मी म्हणालो.

"पाण्याच्या जागी पाणीवाला ठेवलाय," ती म्हणाली. "चुकलं काय?"

मी बराच वेळ बोट त्या गोलावर धरून बसलो. तो थरथरला आणि 'काढून टाका' असा पर्याय आला, शुद्ध मराठीत. अधिकार पूर्ण माझा होता. मी बोट उचललं. या शहरात इतकी वर्षं काढल्यावर एवढं तर शिकायलाच हवं. अतिक्रमण घरातलंच होतं, आणि वर पाण्यासाठी. मी ते नियमित करून टाकलं.