मिठाच्या गोण्या

आमच्या गावात घराची पत टाकीवरून ठरते. सिडकोतल्या आमच्या घराच्या गच्चीवर दोन काळ्या टाक्या आहेत, जिन्याखाली हौद आहे, मोरीत निळा ड्रम आहे, आणि एवढं करून ओट्यावर पितळी कळशी, दोन हंडे आणि झाकणं हरवलेल्या बाटल्यांची एक पलटण उभी असते. छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी येतं ते न कळवता येणाऱ्या पाहुण्यासारखं. कधी चार दिवसांनी, कधी आठ, आणि शक्यतो आपला डोळा लागल्यावर. त्यामुळे रिकामं भांडं दिसलं की आमचा हात आपसूक नळाकडे जातो. पाहुण्यांनी चहा पिऊन खाली ठेवलेला कपसुद्धा भरून ठेवावा की काय, असं मला क्षणभर वाटून जातं.

अशा घरात आठ वर्षांपूर्वी ३२ जीबीचा लॅपटॉप नांदायला आला. भाच्यानं आणून दिला. “मावशी, तुला लिहायलाच तर लागणार. ३२ म्हणजे डोक्यावरून पाणी!” पहिल्याच दिवशी मी मोजायला बसले तर २९च भरले. उरलेले तीन जीबी दुकानदाराकडून आणायला निघालेच होते, पण भाच्यानं थांबवलं. बनवणारे म्हणे हजाराच्या हिशेबानं मोजतात आणि लॅपटॉप १०२४च्या, म्हणून आकडा कमी दिसतो. आमचा गवळी मापाबद्दल साधारण हेच सांगायचा, फक्त त्याला १०२४ हा आकडा ठाऊक नव्हता. बरं, त्या २९मधलीही अर्ध्याहून जास्त जागा विंडोजनंच अडवलेली. भाड्यानं घर घ्यावं आणि मालकानं आपलं सामान दोन खोल्यांत ठेवून कुलूप लावून जावं, तसला प्रकार.

तरी आमचं बरं चाललं होतं. मधून मधून पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट यायची, अपडेट आलंय म्हणायची. मी ‘नंतर’ दाबायचे. जन्मभर शाळेत नोकरी केल्यामुळे ‘नंतर’ या शब्दावर माझा भारी विश्वास. मुख्याध्यापकांची निम्मी परिपत्रकं ‘नंतर’मध्येच विरून जायची आणि शाळा व्यवस्थित चालायची.

पण १४ ऑक्टोबर २०२५ला, मंगळवारी, ‘नंतर’ संपलं.

ही अपडेटं महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, हे मला भाच्यानंच सांगितलं. मायक्रोसॉफ्टनं ही पद्धत २००३च्या ऑक्टोबरात सुरू केली. तिकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. मंगळवारी नखंसुद्धा कापू नयेत असं माझी आजी म्हणायची, आणि ही माणसं नेमकी मंगळवारीच भोकं बुजवायला बसतात. हो, अपडेट म्हणजे दुसरं काही नाही. आपल्या घराच्या भिंतीला कुठे भोक आहे ते आधी त्यांना कळतं, मग ते गिलावा पाठवतात. गंमत अशी की गिलावा पाठवला म्हणजे भोक होतं हे जगजाहीर होतं, चोरांनाही. म्हणून त्या दिवसापासून न लिंपलेली भिंत जास्त धोक्याची.

तो मंगळवार तर निरवानिरवीचा होता. विंडोज १०चं फुकट मिळणारं शेवटचं अपडेट त्या दिवशी यायचं होतं. त्यापुढच्या विंडोज ११ला किमान ६४ जीबी लागते, म्हणजे माझ्या लॅपटॉपला त्या घरी स्थळ मिळण्याचा प्रश्नच नव्हता. नाव नोंदवलं तर आणखी एक वर्ष गिलावा मिळत राहणार होता, पण त्यासाठीही आधीची अपडेटं बसलेली हवीत. मी शहाण्यासारखं बटण दाबलं. उत्तर आलं: पुरेशी जागा नाही. पाहिलं तर सी ड्राइव्हची पट्टी लालभडक.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात गेले. तिथल्या पोरानं झाकण उघडलं, दोन ठिकाणी टिचक्या मारल्या आणि अस्सल आमच्या गावच्या हिंदीत निदान केलं: “काकू, इसमें जगाच नै. अपडेट बिचारा खडा रहेगा किधर?”

मी म्हटलं, “अरे, अपडेट एवढंसं, आणि त्याला जागा एवढी कशाला?”

त्यानं समजावलं. अपडेट येतं ते घडी घालून येतं. इथे आल्यावर घडी उलगडायची, जुन्या वस्तू बाजूला काढायच्या, नव्या बसवायच्या, आणि काही बिनसलं तर परत जाता यावं म्हणून जुन्या काही दिवस सांभाळायच्या. म्हणजे वस्तू मूठभर आणि पसारा घरभर. हे मला लगेच पटलं, कारण त्याच आठवड्यात आम्ही दिवाळीसाठी माळा काढायला घेतला होता. माळ्यावरचं खाली उतरवायला दिवाणखाना मोकळा लागतो, दिवाणखान्यातलं हलवायला आतली खोली, आणि आतल्या खोलीत तर माळ्यावर न मावलेलं सामान. शेवटी आमचे हे शिडीच्या मधल्या पायरीवर परात घेऊन उभे होते आणि ती ठेवायची कुठे, यावर घरात परिषद भरली होती. लॅपटॉपचंही त्या रात्री तेच झालं होतं, फक्त त्याला ओरडता येत नव्हतं.

पोरानं दोन-तीन गोष्टी करून दिल्या. डिस्क क्लीनअप चालवलं, लॅपटॉप गाढ झोपताना आपल्या आठवणी ज्या फाइलीत उशाला घेऊन झोपतो ती काढून टाकली, आणि विंडोजच्या फोल्डरकडे बोट दाखवून दम भरला: “इसमें हाथ नक्को लगाना.” मला आजीची ट्रंक आठवली. तीही माळ्यावर सर्वांत जास्त जागा अडवून होती आणि तिलाही हात लावायचा नाही असा हुकूम होता. बाकीचं, म्हणाला, तुमचं तुम्हीच बघून काढा. ते मला कळणार नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी बघायला बसले. ‘डाउनलोड्स’ उघडलं. विजेचं एकच बिल सात वेळा उतरवलेलं: बिल, बिल एक, बिल दोन, थेट बिल सहापर्यंत. भरलं होतं एकदाच. सुप्रभाताचे गुलाब, त्यांवर दवाचे तेच ते थेंब. महानगरपालिकेच्या एका अर्जाचा नमुना, जो भरायचा राहिला तो राहिलाच. गुडघेदुखीवरच्या व्यायामाचे अकरा व्हिडिओ, जे मी खुर्चीत बसून मन लावून पाहिले होते. प्रत्येक गोष्ट साठवताना मला तिची गरज वाटली होती. ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे वाक्य आमच्या घराच्या चौकटीवर कोरून ठेवायला हरकत नाही.

आणि तेव्हा मला सातवीच्या वर्गातली एक मुलगी आठवली.

नोकरीच्या काळात दरवर्षी आमची सहल देवगिरीच्या किल्ल्यावर जायची. गावापासून पंधरा किलोमीटरवर, म्हणून शाळेला परवडायची. एकामागून एक तट, तोफा, वळणं घेत जाणारे दरवाजे, मग तो खंदक आणि त्यापुढे मुलांचा लाडका अंधारी भुयारी जिना, जिथे प्रत्येक तुकडीत कुणीतरी किंचाळायचंच. खाली उतरून डबे उघडले की मी १२९६ सालची गोष्ट सांगायचे. अलाउद्दीन खलजी अचानक चालून आला, रामदेवराय यादव किल्ल्यात शिरला, पाठोपाठ घाईघाईनं धान्याच्या म्हणून गोण्या आत घेतल्या. पुढे वेढा पडल्यावर त्या उघडल्या तर आत मीठ. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या त्या गोण्या होत्या. तीनशे वर्षांनी इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्त्यानं ही हकीकत दिली आहे. तट पडला नाही, दरवाजा फुटला नाही, कोठारच फसलं आणि तह करावा लागला.

एका वर्षी त्या मुलीनं पोळीचा घास हातात धरून विचारलं होतं, “पण बाई, आत घेताना एक तरी गोणी सोडून का नाही बघितली?”

मी तेव्हा “वेळ नव्हता” असं काहीतरी सांगून पुढे सरकले होते. माझं सगळं लक्ष पाण्याच्या बाटल्या मोजण्यात होतं. आता रात्री साडेअकराला बिल तीन आणि बिल चार यांच्याकडे बघताना तिचं म्हणणं मला पोचलं. माझ्या २९ जीबीच्या किल्ल्यात मी आठ वर्षं गोण्या आत घेत होते, आणि एकीचंही तोंड सोडून पाहिलं नव्हतं.

एरवी मी ही गोष्ट हसून सोडून दिली असती, पण भाच्यानं मघाशी फोनवर २०१७ची आठवण करून दिली होती. त्या वर्षी १४ मार्चला, दुसऱ्याच मंगळवारी, विंडोजच्या एका भोकाचा गिलावा आला होता. जगानं ‘नंतर’ दाबलं. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ त्याच भोकातून आत शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांना कुलूप घालून खंडणी मागू लागला. इंग्लंडातल्या दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. एवढं होऊनही जून संपता संपता दुसऱ्या एका व्हायरसला तेच भोक कामी आलं, आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम खोळंबलं. त्यातली किती यंत्रं निव्वळ आळसापायी उघडी राहिली आणि किती जागेअभावी, हा हिशेब कुणी मांडणार नाही. माझ्यासारख्या मावश्या जगात सगळीकडे असणार.

मग मला किल्ल्यावरची दुसरी गोष्ट आठवली, जी मी मुलांना कधी सांगितली नव्हती कारण ती मलाच सुचली नव्हती. त्या किल्ल्याचं सगळ्यात बळकट अंग कोणतं? मेंढा तोफ नव्हे, तटही नव्हे. डोंगर खालून तासून काढलाय आणि भोवती खडक खोदून खंदक केलाय, ते. म्हणजे जिथे दगड होता तिथे आता काही नाही, आणि ते काही नसणंच शत्रूला अडवतं. जायकवाडीचंही तसंच. सुमारे १०२ टीएमसीचं ते धरण, पण पावसाळ्यात वरून येणाऱ्या लोंढ्यासाठी त्यात जागा राखावी लागते. २०२५च्या सप्टेंबरअखेरीस मराठवाड्यात आभाळ फाटलं, तेव्हा भरलेल्या धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि खाली पैठणकरांचा जीव टांगणीला लागला. तुडुंब भरलेल्या धरणाचं आपल्याला केवढं कौतुक! पण पूर अडवते ती त्याची मोकळी राहिलेली बाजू. आमच्यासारख्या टंचाईत वाढलेल्यांना हे कळायला जड जातं. आम्हाला भरलेलं ते सुरक्षित वाटतं. रिकामं म्हटलं की पोटात गोळा येतो.

बारा वाजेपर्यंत मी गोण्या सोडत बसले. बिल एक ठेवलं, सहा घालवली. गुलाब गेले. व्यायाम जाताना गुडघ्यातून हलकी कळ आली, पण मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. शाळेच्या सहलींचे फोटो पेन ड्राइव्हवर घेतले. ते मीठ नव्हतं. आणि सगळं झाल्यावर कळलं की पट्टी लालच! मी काढलेलं सगळं मुकाट्यानं रिसायकल बिनमध्ये जाऊन बसलं होतं. केर झाडून दाराआड ढकलायची माझी लहानपणची सवय या यंत्राला कुणी शिकवली कोण जाणे. तीही बादली ओतली, तेव्हा कुठे पट्टी निळी झाली.

अपडेट सुरू झालं. तीस टक्क्यांवर ते असं थबकलं की मला शिडीवरचे हे आणि ती परात आठवली. मग हळूहळू चाळीस, साठ. ‘संगणक बंद करू नका’ असं पडद्यावर लिहिलं होतं, म्हणून मीही उठले नाही. दोनच्या सुमाराला लॅपटॉप बंद होऊन पुन्हा उजळला, आणि त्याच मिनिटाला मोरीतून तो ओळखीचा आवाज आला. आधी हवेचा सुस्कारा, मग खाकरणं, मग धार. पाणी!

खंदक, धरण, मोकळी बाजू, सगळं जागच्या जागी टाकून मी पळाले. ड्रम भरला, हंडे भरले, कळशी भरली, बाटल्या भरल्या, आणि ओट्यावर एक कप विसळायचा राहिला होता तोही भरला. माझा नवा विचार लॅपटॉपपुरताच आहे. पाण्याच्या बाबतीत आमच्या गावात तो परवडत नाही.

भाऊबिजेला भाचा आला. फराळाचं ताट पुढ्यात घेताघेता त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला. “मावशी, आता जागा झालीय ना तुझ्याकडे? दिवाळीचे फोटो टाकतो. सहाच जीबी आहेत.”

मी म्हटलं, “टाक की. पण आधी गोणीचं तोंड सोड.”

त्याला काही कळलं नाही, पण त्यानं उघडून दाखवलं. शंकरपाळ्यांच्या एकाच ताटाचे सतरा फोटो होते. मी त्यातला एक ठेवून घेतला. चवीपुरतं मीठ लागतंच.