पुढचं मशीन

दापोली-मंडणगडकडच्या कुठल्याही वाडीत मे महिन्यात सकाळी साडेसातच्या सुमारास एक आवाज सुरू होतो. आधी दोरी ओढल्याचे चार-पाच खरखरीत हिसके, मग एक सभ्य शिवी, मग आणखी एक हिसका, आणि मग अख्ख्या वाडीच्या चहाच्या कपांवर तरंग उठवणारं 'घ्यांऽऽऽ'. कुत्री पूर्वी भुंकायची, आता नुसती कूस बदलतात. अण्णांनी लाकडं कापायचा चेनचा कटर चालू केलेला असतो.

नाव अण्णाच असेल असं नाही. एका वाडीत ते भाऊ असतात, दुसरीत बापू, तिसरीत नुसतेच 'कटरवाले'. मुंबईत हयात नोकरीत गेलेली, निवृत्तीनंतर गावच्या घरावर नवे मंगलोरी कौल चढलेले, थोडी कलमं, थोडा काजू, मागच्या दारी न्हाणीची चूल. घरात गॅस आहे, मिक्सर आहे, मुलाने पाठवलेला एअर फ्रायरही आहे. पण आंघोळीचं पाणी लाकडावरच तापलं पाहिजे, कारण 'त्या पाण्याची मजा वेगळी'. मजा अण्णांची, फुंकणी काकूंची.

खरं सांगायचं तर 2020 पर्यंत अण्णांना लाकडात काडीचा रस नव्हता. बेगमीची लाकडं गडी फोडायचा, बायका रचायच्या, अण्णा 'मृगाच्या आत आटपा' एवढं सांगून पेपर उघडायचे. मग 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगाला किनाऱ्यावर चढलं आणि दोन-चार तासांत आजोबा-पणजोबांनी लावलेली झाडं आडवी झाली. कलमं मुळासकट उपटली, माड मधेच मोडले, सुपाऱ्या तर मोजायच्याही सोयीच्या राहिल्या नाहीत. रस्ते बंद, खांब पडलेले, फोन मुके. अशा वेळी अण्णांचा पुण्याचा भाचा गाडीत एक कटर टाकून आला, आठ दिवस राहिला, आणि जाताना मशीन मामाकडेच ठेवून गेला.

ते आठ दिवस समजून घेतल्याशिवाय अण्णा समजत नाहीत. ज्या माणसाला ग्रामसभेत मागच्या बाकावर बसवायचे, त्याला सरपंच घरी बोलवायला आले. 'अण्णा, वरच्या वाडीचा रस्ता तेवढा मोकळा करून द्या.' आडव्या फणसाच्या दोन्ही बाजूंना माणसं ताटकळलेली, मधे अण्णा. बुंध्याचा तुकडा धप्पकन पडला की लोक हुश्श करायचे. कुणी शहाळं आणून द्यायचं, कुणी पाठीवर हात ठेवायचं. पेन्शन लागल्यापासून असं कुणी ठेवलं नव्हतं.

रस्ते मोकळे झाले, महिन्या-दीड महिन्याने वीज आली, आणि अण्णांकडे उरला एक कटर व त्याच्यासाठी पुढे काय, हा प्रश्न.

ते पहिलं मशीन ऑनलाइन मिळणाऱ्या सहा-सात हजारांच्या जातीचं. केशरी रंग, अंगावर 58 सीसीचा स्टिकर, 22 इंची बार (चेन जिच्याभोवती पळते ती पट्टी), सोबत एका प्लास्टिकच्या पिशवीत पाना, कानस आणि कुणालाही न कळलेला एक रबरी तुकडा. काजूच्या फांद्या, वाळका ऐन, आकेशिया, गिरिपुष्प असल्या सरपणाला हे मशीन उदंड झालं. चुलीत जायचं लाकूड मांडीएवढं असतं, आणि चुलीचं तोंड काही दर वर्षी वाढत नाही. पण दोन पावसाळे गेले आणि अण्णा म्हणू लागले, 'हे मशीन ओढत नाही हो.'

इथून पुढे माणूस सुधारत नाही. 'ओढत नाही' म्हणजे काय, हे विचारायची सोय नसते. विचारलंत तर अण्णा खुर्ची पुढे सरकवून सीसी सांगतात. लुना 50 सीसीची होती, तिच्यावर नवरा-बायको आणि गॅसचं सिलिंडर बसायचं. आता त्यांच्या मनात जे मशीन आहे ते 72 सीसीचं. 'म्हणजे बघा, लुनेपेक्षा मोठं इंजिन हातात धरायचं!' चेन सेकंदाला 20 मीटरच्या वर पळते, म्हणजे ताशी 70 किलोमीटरच्या पुढे. एवढा वेग आपल्या मुंबई-गोवा महामार्गावर कुठल्या एसटीला मिळाला असेल तर मला दाखवा, हे वाक्य ते हमखास टाकतात, आणि ते बरोबर असल्यामुळे समोरच्याला गप्प बसावं लागतं.

कंपन्यांचे इतिहासही त्यांना घरच्या कुळकटासारखे पाठ. स्टिल ही जर्मनीची, 1926 सालची, स्टुटगार्टची. हुस्कवर्णा स्वीडनची, आधी बंदुका बनवायची, आणि निघाली ती 1689 साली. इथे अण्णा आवाज खाली आणतात: 'ज्या साली आपले संभाजी महाराज संगमेश्वरात पकडले गेले, त्या सालची कंपनी.' याचा सरपणाशी संबंध काय, हे विचारायला जीभ रेटत नाही. एकदा तर त्यांनी सुनेला सांगितलं की साखळीची करवत पहिल्यांदा निघाली ती लाकडासाठी नव्हेच. 18व्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या डॉक्टरांनी ती हाड कापायला काढली, बाळंतपणात बाई अडली तर कमरेचा सांधा मोकळा करायला. सून सातव्या महिन्यात होती. ती माहेरी जायचीच होती, फक्त पंधरा दिवस आधी गेली.

आता जरा आत, पडवीत चला, कारण दुखणं तिथे आहे.

संध्याकाळी अण्णा बाकावर बसतात, बार दोन फळ्यांत दाबून धरतात, जवळचं पाहायचा चष्मा चढवतात आणि चेनच्या एका दाताला सुनेच्या नेलपॉलिशचा ठिपका देतात, सुरुवात कुठून केली ते कळावं म्हणून. गोल कानस, 4.8 मिलिमीटरची. एक दात डावा, एक उजवा, आलटून पालटून. एका बाजूचे सगळे आधी, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. कानस तिरकी धरायची, फक्त पुढे रेटायची, मागे ओढताना उचलायची, प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात. अण्णा डाव्या बाजूला असं देवपूजेच्या निष्ठेने करतात. मग कुणीतरी येतं, चहा येतो, गप्पांत उजव्या बाजूला चार हात कमी पडतात. दुसऱ्या दिवशी बार बुंध्यात सरळ जायच्या ऐवजी एका अंगाला वळत जातो, मधेच अडकतो, धूर निघतो. खाली पडतो तो पिठासारखा भुसा. चेनला धार असली की भुसा पडत नाही, चांगले जाड छिलके उडतात. पीठ पडलं म्हणजे चेन कापत नाही, नुसती घासतेय. हे वाडीतलं पोरही सांगेल. अण्णा ते पीठ चिमटीत घेऊन म्हणतात, 'पॉवर कमी.'

त्यांच्या बागेत कधीमधी येणारा एक गडी आहे. त्याच्याकडे त्याच केशरी जातीचं, स्टिकर उडालेलं, टाकीचं झाकण तारेने बांधलेलं मशीन आहे. तो बारला जळकं ऑइल वापरतो, त्याच्या पायांत रबरी चपला असतात, आणि या दोन्ही गोष्टींबद्दल अण्णा त्याला व्याख्यान देतात. तो ऐकून घेतो. कापताना एकच पथ्य पाळतो: बुंध्याखाली आधी ओंडका सरकवायचा, म्हणजे चेन जमिनीला लागायला नको. कोकणात ओंडक्याखाली माती कमी आणि जांभा जास्त. चिऱ्याला एकदा चेन चाटून गेली की दिवसभराची धार गेलीच. तशात माडाचं खोड म्हणजे बाहेरून चिवट धाग्यांचा कोट, त्यावर तर भल्याभल्यांचे दात झिजतात. अण्णांनी दोन्ही प्रयोग एकाच दिवशी केले होते. गड्याने त्यांचं मशीन मागितलं, उंबऱ्यावर बसून विडी संपेपर्यंत कानस फिरवली आणि तोच माड कापून दाखवला. अण्णा कौतुकाने बघत होते. मग म्हणाले, 'आता विचार कर, हीच धार 72 सीसीला असती तर?'

गड्याने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

काकूंचा हिशेब निराळा आहे. त्यांना मशीनचा राग नाही. राग आहे तो आकड्यांचा. 'अहो, तुमच्या नव्या मशीनच्या पैशात छपरावर सोलर बसेल. नळ सोडला की गरम पाणी.' अण्णा दुखावल्यासारखे बघतात. 'आणि मग लाकडं कशाला कापायची?' या वाक्यात त्यांची सगळी बाजू आली, हे त्यांच्या लक्षात येत नाही, काकूंच्या येतं. शिवाय कटर लाकूड आडवं कापतो, उभं फोडत नाही. गोल ओंडक्यांची रास अण्णा सकाळी तासाभरात पाडतात, फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात. फोडणी उरते कुऱ्हाडीला. कुऱ्हाड उरते गड्याला, आणि तो आला नाही तर कोयता घेऊन काकूंना. कुऱ्हाडीचं 'पुढचं मॉडेल' घ्यावं असं अण्णांना एकदाही वाटलेलं नाही.

तरी मशीन आलं. येणारच होतं. कोल्हापूरच्या डीलरकडून, खोक्यात, 24 इंची बारसकट. त्याआधी चार महिने अण्णा कॅनडातले व्हिडिओ बघत होते: बर्फ, उंचच उंच फर, लाल चौकडीच्या शर्टातले दाढीवाले. कापण्याच्या पोशाखाचीही तयारी झाली. जाळीचं हेल्मेट आलं, कानांवरचे मफ आले, हातमोजे आले. खाली मात्र पट्ट्यापट्ट्यांची हाफ चड्डी आणि पायांत स्लिपर. बारचं टोक कशाला टेकलं तर मशीन उसळून तोंडाकडे येतं, म्हणून पुढे ब्रेकची दांडी असते, हे अण्णा सर्वांना समजावून सांगतात. पायांचं काय विचारलं की म्हणतात, 'पायांकडे कशाला येईल?'

पेट्रोलची तर वेगळीच पूजा. पहिल्या मशीनला लिटरला 40 मिली टू-टी ऑइल घालायचे, नव्याला 20. त्यासाठी मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणली. पाण्याच्या जुन्या बाटलीत मिश्रण, बाटलीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तारीख आणि 'पिऊ नये'. जुनं मशीन विकलं नाही हे सांगायला नको. 'बारीकसारीक कामाला राहू दे.' बारीकसारीक म्हणजे चुलीची लाकडं. म्हणजे जे काम मशीन घ्यायचं कारण होतं, ते जुन्याकडेच राहिलं, आणि सहा-सात किलोंचं नवं मशीन रिकाम्या हातांनी उभं.

कारण कापायचं काय? निसर्गने पाडलेलं कधीच जळून राख झालं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, त्याने थोडाफार हातभार लावला, तेही संपलं. उभा आंबा, फणस, ऐन, किंजळ यांना हात लावायचा तर 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आडवा येतो. मालकीच्या जागेतला असला तरी परवानगी लागते, आणि ती '24 इंची बार आणलाय' या कारणासाठी मिळत नाही. आकेशिया कापावा तर तो बारच्या निम्म्यालाही येत नाही. अण्णांना हे लोण्याला सुरी लावल्यासारखं वाटतं, त्यात इज्जत नाही.

मग अण्णा बातम्या बघतात. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा म्हटलं की टीव्हीचा आवाज वाढतो. 'नको बाबा पुन्हा ते संकट,' असं ते मनापासून म्हणतात, आणि उठून टाकी भरून ठेवतात. दिशा बदलून वादळ ओमानकडे गेलं की 'सुटलो' म्हणतात. पण त्या संध्याकाळी जेवणात लक्ष नसतं, काकूंना दोनदा विचारावं लागतं, 'अहो, कढी वाढू का?'

परवा संध्याकाळी ते आमच्याकडे आले. हातात मशीन नव्हतं, टेप होती. बसा म्हटलं तर बसले नाहीत. अंगणातल्या आंब्याभोवती एक फेरी मारली, बुंध्यावर दोन-तीनदा बोटाने टकटक केली, वर बघितलं.

'हा जरा वाळल्यासारखा वाटत नाही तुम्हाला?'

'अण्णा, पालवी फुटलीय त्याला. गेल्या वर्षी चार पेट्या निघाल्या.'

'पालवीचं काय घेऊन बसलात,' टेप बुंध्याला गुंडाळत अण्णा म्हणाले, 'घेर बघा. जरा ते टोक धरा पाहू.'