रेड्याला चार्जिंग लागत नसे

"बोलतो, चालतो, शेपूट हलवतो, मागच्या पायांवर उभा राहतो. गाणीसुद्धा म्हणतो," मुलगा म्हणाला.

"आमच्या पैठणला रेडा बोलला होता," आजी म्हणाल्या. "थेट वेद. आणि नागघाटावर कुणी तिकीट लावलं नव्हतं."

"आई, ती दंतकथा आहे."

"आणि हे पाच हजारांना विकतात ती कोणती कथा?"

मुलगा वाळूजला एका कारखान्यात आहे. दिवसभर यंत्राच्या हातांकडून वेल्डिंग करून घेतो, त्यामुळे यंत्राची बाजू घेणं हा त्याचा पोटापाण्याचा धर्म. आजी पैठणच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना वर्गात कुणी मध्येच बोललेलं चालत नसे, घरातही चालत नाही. वादाचा मुद्देमाल सिडकोतल्या दुसऱ्या मजल्यावर सतरंजीच्या मधोमध उभा होता: शेजाऱ्यांकडून तासाभरापुरता मागून आणलेला पांढरा प्लास्टिकचा कुत्रा, डोळ्यांच्या जागी निळे दिवे. नातीचा सहावा वाढदिवस तोंडावर आला होता आणि तिला कुत्रा हवा होता. कोणता, हे तिला अजून कुणी विचारलं नव्हतं.

"तिनं आयपीएलमध्ये पाहिलाय ना," मुलगा म्हणाला. "दोन हजार पंचवीसच्या मोसमात मैदानावर फिरायचा तो कॅमेरावाला कुत्रा."

"चंपक! त्याच्या नावावरून 'चंपक' काढणारी दिल्ली प्रेस उच्च न्यायालयात गेली होती. आमच्या वेळी पोरं चंपक वाचायची. आता चार्जिंगला लावतात."

नातीनं मधल्या काळात कुत्र्यापुढे बसकण मारली होती. "बस," ती म्हणाली. कुत्रा ढिम्म. "बैस ना रे." कुत्र्यानं डोळे मिचकावले, कंबर हलवली आणि कुठल्याशा भाषेत नाचाचं गाणं सुरू केलं.

"त्याला इंग्रजीत सांगायचं असतं," मुलानं समजावलं. "सिट म्हण."

"सिट."

कुत्रा स्वतःभोवती गोल फिरला, सतरंजीच्या काठाला अडला आणि तिथल्या तिथे घरघरत राहिला.

"रेड्याला संस्कृत येत होतं," आजी म्हणाल्या. "पखाली वाहणारा रेडा. ज्ञानदेवांनी डोक्यावर हात ठेवला, संपलं. याच्याशी बोलायला आधी पोरीला इंग्रजी शाळेत घातलं, तरी हा ऐकत नाही."

त्यांनी कुत्रा उचलून उलटा केला. चारही पंजांच्या तळाशी वाटाण्याएवढी रबरी चाकं होती, त्यातल्या एकात सतरंजीचा लाल दोरा गुंतला होता. आजींनी नखानं तो सोडवायला घेतला. "हा चालत नाही, घरंगळतो. पण चाकांचं एवढं कौतुक नको. प्रवरेकाठी दायमाबादला, इथून काही फार लांब नाही, एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझचे प्राणी सापडले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे मानतात. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि…"

"रेडा," मुलगा म्हणाला.

"ओळखलंस! चाकांवरचा रेडा."

"चौघांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर आहे, आई. तूच शिकवलंय. ती लहान मुलांची खेळणी नव्हती."

"नव्हती," आजींनी मान्य केलं. इतिहासाच्या बाबतीत त्या घरच्या माणसालाही सूट देत नाहीत आणि स्वतःलाही. "पण चाकं होती."

मुलाला थोडा धीर आला. त्यानं खरा मुद्दा काढला. कुत्र्याला पाणी लागत नाही. ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार हे मोबाइलवरच्या मेसेजवरून कळतं आणि तोवर टाकीवर जीव टांगलेला असतो, तिथे हा गुण लहान नाही.

"पाणी आमच्याच गावचं आहे," आजी म्हणाल्या. "नाथसागर भरला की तुमच्या शहराचे लोक फोटो काढायला पैठणला येतात. फोटो काढून घरी परतले की नळ कोरडा. त्यात कुत्र्याचा काय दोष?"

"लसीकरण नाही, केस गळत नाहीत, सोसायटीची तक्रार नाही. फक्त चार्जिंग."

"रेड्याला चार्जिंग लागायचं का?" नातीनं विचारलं.

"नाही गं. कडबा."

इथे आजींनी कुत्रा खाली ठेवला आणि रिमोट हातात घेतला. मागचं झाकण नखाच्या एका झटक्यात निघालं. आत शर्टाच्या बटणाएवढे दोन चपटे सेल. मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू त्याच क्षणी गेलं, कारण त्याला हे माहीत होतं. असा सेल लहान मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. म्हणून झाकणाला स्क्रू हवा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, विजेवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू होतं. आयात शुल्क तर २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. एवढं सगळं करून खोका हातात घेतला तर त्यावर भलतेच शिक्के. मुलानं तो चारही बाजूंनी फिरवला, तळ पाहिला, मोबाइलचा उजेड पाडला. आयएसआय नव्हतं.

"रेड्यावर तरी कुठे आयएसआय होतं?" तो पुटपुटला.

"रेडा पोरीला गिळता आला नसता."

हा वार त्यानं झेलला. रिमोट नातीच्या हाती लागणार नाही अशा बेतानं फ्रिजवर ठेवला आणि म्हणाला, "हा आपण घेणारच नाही. हा फक्त अंदाज यावा म्हणून आणला. मी बघतोय तो वेगळा. अठरा हजार. एआय आहे त्यात. तिचा आवाज ओळखेल, गप्पा मारेल, शाळेत काय झालं विचारेल."

"आणि ते कुणाला सांगेल?"

"म्हणजे?"

"ऐकतो म्हणजे कुठेतरी नेऊन टाकणारच ना?"

आजींना इंटरनेटचं वावडं आहे असं मुलगा समजून होता. वावडं नाही, त्या फक्त छापील वाचतात आणि कात्रणं ठेवतात. त्यांनी शिक्षकी शिस्तीत सनावळी सुरू केली. १९९८ मध्ये अमेरिकेत फर्बी नावाचं केसाळ घुबडासारखं खेळणं आलं. सुरुवातीला स्वतःची अगम्य भाषा बोलायचं, मग हळूहळू इंग्रजी. आईबापांना वाटायचं, आपल्या पोरांकडून शिकतंय. प्रत्यक्षात सगळे शब्द आधीपासून पोटात भरलेले होते. तरीही १९९९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेनं फर्बीला कार्यालयात बंदी घातली, हे ऐकलेलं रेकॉर्ड करून बाहेर बोलेल म्हणून.

"पण ते रेकॉर्ड करतच नव्हतं," मुलगा म्हणाला.

"नव्हतं. ते सोंग होतं. पुढची खेळणी खरंच करायला लागली, तेव्हा मात्र लोक निवांत होते." २०१७ मध्ये जर्मनीनं 'माय फ्रेंड केला' या बोलक्या बाहुलीवर बंदी आणली आणि ती मोडून टाका असं पालकांना सांगितलं, कारण कायद्याच्या नजरेत ती लपवलेलं हेरगिरीचं साधन होती. त्याच वर्षी क्लाउडपेट्स या मऊ प्राण्यांमधून मुलांनी आणि आईबापांनी एकमेकांना पाठवलेले वीस लाखांहून जास्त आवाजी निरोप इंटरनेटवर उघडे पडलेले आढळले. "रेड्यानं पैठणच्या घराघरात पाणी पोचवलं असेल. कुणाच्या घरात काय चाललंय हे त्यानं कधी काढलं? सांगितलं तर वेदच सांगितले."

"आई, रेडा पुरे."

"बरं. तुझा अठरा हजारांचा कुत्रा बोलणार कुठून? त्याच्या डोक्यातून?"

मुलगा क्षणभर थांबला. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नाही. "सर्व्हरवरून."

"आणि सर्व्हर बंद पडला तर?"

याचं उत्तर त्याला माहीत होतं, म्हणूनच तो उठून पाणी प्यायला गेला. मोक्सी नावाचा बोलका यंत्रमानव अमेरिकेत पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी काढला होता, किंमत ७९९ डॉलर. २०२४ च्या डिसेंबरात कंपनीचे पैसे संपले आणि मोक्सी लवकरच बोलायचा बंद होईल असं तिनं कळवलं. शिवाय मुलांना ही बातमी कशी सांगावी, याचं पत्रही दिलं. सहा वर्षांच्या मुलीला 'तुझ्या मित्राच्या कंपनीला गुंतवणूकदार मिळाले नाहीत' हे कसं सांगतात, याचा नमुना मराठीत तरी अजून कुणी तयार केलेला नाही.

पाणी पिऊन तो परतला तो जपानचा आधार घेऊन. "सोनीचा आयबो घे. एकोणीसशे नव्याण्णव. अडीच लाख येन किंमत, जपानसाठी ठेवलेले तीन हजार वीस मिनिटांत संपले. लोकांनी जीव लावला त्यांना. दोन हजार सहामध्ये उत्पादन बंद झालं, दोन हजार चौदामध्ये दुरुस्तीही बंद. मग जुन्या इंजिनिअरांनी बंद पडलेल्या आयबोंचे सुटे भाग काढून दुसरे जगवले. भाग काढण्याआधी देवळात प्रार्थना करायचे. चिबा प्रांतात कोफुकुजी म्हणून बौद्ध मंदिर आहे, तिथे दोन हजार अठरात एकाच वेळी शंभराहून जास्त कुत्र्यांचा अंत्यविधी झाला. भिक्खू, धूप, मंत्र, सगळं. खेळण्यासाठी कोण एवढं करतं?"

आजी गप्प राहिल्या. मुलाला वाटलं, जिंकलो.

"आळ्याला जाऊन आलायस कधी?" त्यांनी शांतपणे विचारलं. "जुन्नर तालुक्यात. तिथे समाधी आहे."

"कुणाची?"

"तुला माहितीये कुणाची."

नात हसत सुटली. तिला समाधी कळली नव्हती, बापाचा चेहरा कळला होता. तिनं पारले-जीचा तुकडा कुत्र्याच्या जबड्याच्या फटीत घातला आणि बोटानं आत दाबला. आता तो शेजाऱ्यांना परत कसा करायचा, हा वेगळाच प्रश्न उभा राहिला. मुलगा टूथपिक आणायला धावला, आणि टूथपिकनं भुगा उकरता उकरता त्यानं चूक केली.

"चेष्टा सोड. या यंत्रांचा उपयोग होतो. पारो म्हणून सीलचं पिल्लू आहे, जपानीच. दोन हजार नऊमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. विसराळूपणाचा आजार झालेली म्हातारी माणसं त्याला कुरवाळतात, शांत होतात."

"म्हाताऱ्या माणसांसाठी पण निघालंय?" आजी म्हणाल्या. "मग माझ्यासाठीही बघून ठेव. एकगठ्ठा घेतलेस तर स्वस्त पडतील."

"मी तसं म्हटलं नाही."

"तू तसं म्हणायची गरज नाही. पोरगी शाळेतून दीडला येते. तुम्ही दोघं येता साडेसहाला. पाच तास ती शेजारच्या मावशींकडे टीव्ही बघते. तिला कुत्रा नकोय रे, कुणीतरी घरात हवंय. खाली वॉचमनच्या खुर्चीखाली झोपतो तो तांबडा कुत्रा, त्याला ती रोज अर्धी पोळी टाकते. हे तुला माहितीये?"

"माहितीये. आणि तो चावला तर रेबीजच्या सुयांसाठी घाटी रुग्णालयात रांगेत उभं कोण राहणार? तू?" मुलाचा आवाज चढला. "गेली दोन वर्षं म्हणतोय, इथे येऊन राहा. तुझी खोली आहे, कपाट आहे. तुला पैठण सुटत नाही. पन्नास किलोमीटरवरून पंधरा दिवसांनी एकदा यायचं, रेड्याची गोष्ट सांगायची आणि संध्याकाळच्या बसनं परत. मग मशीन आणलं तर बिघडलं कुठे?"

टूथपिक मोडली. अर्धी जबड्यात राहिली.

"मी तुमच्या घरात दीड ते साडेसहाची सोय म्हणून येऊ?"

"आता याचा हाच अर्थ काढायचा का?"

"दुसरा काढून दाखव."

तेवढ्यात सून आली. चप्पल काढता काढता तिनं दोघांची तोंडं पाहिली, कुत्र्याचं तोंड पाहिलं, पर्स टेबलावर टाकली. "ठरलं का काही?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

"मी ऑफिसात चौकशी केली. एकीच्या मांजरीला पिल्लं झालीत. दोन महिन्यांची आहेत, एक द्यायला तयार आहे."

"मांजर?" मुलगा म्हणाला. "मला मांजराच्या शिंका येतात."

"लग्नाआधी सांगितलं नव्हतंस."

"तेव्हा मांजर नव्हतं!"

"याच्या शिंका खऱ्या नाहीत," आजी म्हणाल्या. "पैठणला आमच्या घरात तीन मांजरी होत्या, दहावीपर्यंत एकही शिंक नाही. वाळूजला लागल्यापासून सुरू झाल्या."

"ते धुळीमुळे, आई. डॉक्टर म्हणाले."

"डॉक्टर मांजराचं म्हणाले की धुळीचं?"

"दोन्ही!"

"पिल्लाला पाणी लागेल," सून म्हणाली, "आणि दूध. नाकात काही होत असेल तर गोळी घे."

"मी गोळ्या खायच्या, मांजर दूध पिणार?"