पाचपन्नास म्हणजे नक्की किती?

रत्नागिरीचा एक माहितीकोश काढायचा, ज्याला जे ठाऊक असेल त्यानं ते लिहायचं, असं आमच्यात ठरलं तेव्हा भांडण होईल ते इतिहासावरून होईल, अशी माझी अटकळ होती. थिबा राजावरून, खोतीवरून, गेला बाजार कुठल्या देवळाचा उत्सव जुना यावरून. पण इतिहासाला कोणी हात लावला नाही. भांडण पेटलं ते स्वल्पविरामावरून.

२०११ च्या जनगणनेतली जिल्ह्याची लोकसंख्या एकानं १६,१५,०६९ अशी लिहिली, दुसऱ्यानं १,६१५,०६९. तिसरे म्हणजे आमचे निवृत्त तलाठीकाका. त्यांनी लिहिलं, ‘सोळा लाखांच्या वर. पण गणपतीत मोजावी.’ खरं सांगायचं तर तिघांत काकांचीच नोंद जास्त माहितीची होती. पण कोशाला असली माहिती सोसत नाही.

मग गणिताच्या निवृत्त बाईंना संपादक केलं. त्यांनी पहिल्याच बैठकीला मराठी विश्वकोशाचे दोन खंड टेबलावर आपटले. वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी शेकडो लेखकांकडून लिहून घेतलं, १९७६ साली पहिला खंड काढला. पण कुठलंही चरित्र उघडा, कंसात आधी दिवस, मग अक्षरी महिना, मग वर्ष. ‘आणि आपण दहाबारा माणसं!’ बाई म्हणाल्या. ‘दहा की बारा?’ काकांनी विचारलं. बाईंनी त्या क्षणी ‘दहाबारा’वर बंदी घातली.

ही बंदी फार लांब गेली. आमच्याकडे नेमका आकडा सांगणं हे जरा उद्धटपणाचंच समजतात. दोनचार मैल, पाचपंचवीस कलमं, शेदोनशे नारळ. मोजायला गेलेला माणूस सावकार तरी असतो, नाहीतर पोलीस. एका उत्सवाच्या नोंदीत ‘पंगतीला पाचपन्नास पानं होती’ असं आलं. बाईंनी समासात सरासरी काढली, साडेसत्तावीस. काका म्हणाले, ‘ते अर्धं पान माझं. मी तेव्हा पथ्यावर होतो.’

उलट दिशेनं त्याहून वाईट झालं. ‘वर्षाला सुमारे सव्वाशे इंच पाऊस’ हे वाक्य मेट्रिकमध्ये नेल्यावर ‘सुमारे ३,१७५ मिलिमीटर’ झालं. गुणाकार बिनचूक, एका इंचाचे २५.४ मिलिमीटर. पण सव्वाशे इंच म्हणणाऱ्याच्या मनात दहापाच इंच इकडेतिकडे असतात, आणि ३,१७५ वाचलं की कुणीतरी रात्रभर कंदील घेऊन पर्जन्यमापकापाशी बसलं होतं असं वाटतं. अखेर ‘सुमारे ३,२०० मिमी (सव्वाशे इंच)’ असा तह झाला. माझ्या मते पुऱ्या कोशातला हा सर्वांत शहाणा कंस.

महिना अक्षरीच लिहायचा, या नियमाचं महत्त्व पटलं ते न्यू जर्सीतल्या एका भाच्यामुळे. त्यानं लोकमान्यांवरची नोंद हौसेनं पाठवली. जन्म ७/२३/१८५६, मृत्यू ८/१/१९२०. मृत्यूची तारीख निमूट पुढे गेली आणि लोकमान्य प्रुफात चक्क ८ जानेवारीला वारले. जन्मतारीख मात्र काकांच्या चष्म्यात अडकली. ‘तेविसावा महिना? टिळक पंचांगात अधिक मास येतात, पण इतके?’

बाहेरच्या वाचकाला यात हसण्यासारखं काय ते कळायचं नाही. इथे काही घरांत अजून टिळक पंचांग चालतं. त्याचा अयनांश इतर पंचांगांपेक्षा सुमारे चार अंशांनी वेगळा, त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक मास दुसरीकडे जाऊन पडतो. मग एका घरचा गणपती पाण्यात पोचून महिना होत आला तरी शेजारचा अजून चित्रशाळेत डोळे उघडायची वाट पाहत असतो. गणेशोत्सवाच्या नोंदीत तारीख कुणाची घालणार? भाद्रपद शुद्ध चतुर्थी दोघांनाही मान्य. वाद फक्त भाद्रपद कधी, एवढाच.

शकाचं सोपं वाटलं होतं. ७८ मिळवा की झालं इसवी सन. पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १५५१ च्या फाल्गुनातला शिवजन्म म्हणूनच १६३० मध्ये येतो. त्यात १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची. आज भिंतीवर टांगतो त्या कालदर्शिकेच्या हिशेबानं तो दिवस १ मार्च. हे कळल्यावर खोलीत शांतता पसरली. बाईंनी चष्मा पुसला आणि शिवनेरी आपल्या जिल्ह्यात येत नाही, असा निर्णय दिला. इतका सुटसुटीत संपादकीय निर्णय मी दुसरा पाहिला नाही.

एका खोताच्या घरून आलेल्या मोडी कागदावर ‘सन सलास सितैन मया व अलफ’ असं साल निघालं. तीन, साठ, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन ११६३, मृग लागला की बदलणारं. ५९९ मिळवून १७६२, आणि जानेवारी उजाडल्यावर ६०० मिळवून १७६३. एकं-दहं-शतं असं उलट्या पायांनी चालणारं हे साल बाईंना मनापासून आवडलं. बालभारतीनं २०१९ साली एकवीसला ‘वीस एक’ म्हणायला शिकवायला घेतलं तेव्हा उगाच एवढा गदारोळ झाला म्हणाल्या.

संगणकाला यातलं काहीच कळत नव्हतं, आणि तो मदत करायला उतावीळ होता. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. एका बागेचं १-१२-०५ असं क्षेत्र तक्त्यात भरलं, तर यंत्रानं ते परस्पर १ डिसेंबर २००५ करून टाकलं. काकांना आश्चर्य वाटलं नाही. ‘कोकणातल्या जमिनीचं शेवटी हेच होतं. तारीख पडते.’

बाई हरल्या त्या एकाच माणसापुढे, बंदरावरच्या एका जुन्या तांडेलापुढे. पाण्याची खोली त्यानं वावेत सांगितली. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होणारं अंतर, सुमारे सहा फूट. बाईंनी लगेच १.८३ मीटर लिहिलं. ‘हात माझे, की तुमचे?’ त्यानं विचारलं. तेही एक वेळ चाललं असतं. पण भरतीच्या नोंदीत तो तारीख घेईचना. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती दिवसाला पाऊणएक तास पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळतं. तिथीच्या जागी ‘१७ जून’ घातलं की त्याची पाऊणपट करून हाती येतात पावणेतेरा. बाईंनी पाऊण तास वहीत आकडेमोड केली आणि आपल्याच नियमाखाली आपल्याच अक्षरात लिहिलं, ‘भरती-ओहोटीस लागू नाही.’

या एका फटीतून मग सगळे आत शिरले. आंब्याचे बागायतदार सर्वांत पुढे. पेटीचं वजन किलोत द्यायला त्यांची साफ ना. पेटी तीच, फळ मोठं असलं तर चार डझन मावतात, बारीक असलं तर सहा. म्हणून चार डझनी पेटी सहा डझनीपेक्षा महाग. आकडा उतरला की भाव चढतो, हे वजनकाट्याला समजावणार कोण? बाईंनी ‘डझन’ मंजूर केलं आणि पेन उघडून पुढचा रकाना वाचला, ‘यंदाचा सरासरी दर, रुपयांत.’

‘लिहा,’ एक बागायतदार म्हणाले, ‘पाचपन्नास.’