फ्रिजमधला युरोप

ब्रुजच्या कॉलेज ऑफ युरोपचं (स्थापना १९४९) एक आवार वॉर्साच्या नातोलिनमध्ये १९९२ पासून आहे. तिथे आंतरविद्याशाखीय युरोप शिकवतात. म्हणजे अर्थशास्त्रवाल्याला कायदा कळत नाही, कायदेवाल्याला इतिहास, आणि पदवी सगळ्यांना सारखीच. प्रत्येक तुकडीला नाव कुणा थोर व्यक्तीचं. राहणं-जेवण आवारातच. त्यामुळे दुपारी सीमा नसलेल्या युरोपावर टाळ्या घेणारा रात्री सामायिक फ्रिजमधल्या आपल्या चीजच्या डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहितो. व्याख्यानं इंग्रजी-फ्रेंचमध्ये, भांडण मात्र ज्याच्या त्याच्या मातृभाषेत. वर्षभरात एकमत होतं ते एकाच ठरावावर: सबमिशनची तारीख पुढे ढकला. (ब्रसेल्सच्या नोकरीसाठी एवढी तयारी पुरे.) पदवीधरांनो, तिकडे निघण्याआधी इंटर्नशिपला पगार आहे का, तेवढं विचारून घ्या.