बुलसारांच्या पोराचं घर कुणाला मिळालं?

"ती गोरी पोरगी परवा स्टँडवरून आली तेव्हा डोळे पुसत होती. खरं सांग, तुझ्या भाच्याचं आणि तिचं बिनसलं ना?"

पलीकडच्या काकूंना भिंतीच्या अल्याडचं सगळं दिसतं. मोतीबिंदू काढल्यापासून तर जास्तच. मी कपडे वाळत घालत होते, त्या जास्वंदीची फुलं तोडत होत्या, आणि वाईत ह्या वेळेला दुसरं काम नसतं.

"कसलं बिनसतंय काकू! पाचगणीला गेली होती. शाळा बघायला."

"शाळा? म्हणजे मूल आहे की काय तिला?"

"अहो, काहीतरीच काय! सेंट पीटर्स शाळा. तिथे फ्रेडी मर्क्युरी शिकला. क्वीन नावाच्या बँडचा गायक. मूळचा फारोख बुलसारा, पारशी. जन्म झांझिबारचा, वडील तिकडे ब्रिटिशांच्या कोर्टात कॅशियर. १९५५ साली, आठ वर्षांचा असताना, पोराला इकडे बोर्डिंगात घातला."

"आठव्या वर्षी? समुद्रापलीकडे? आई कशी गं धजली?" फुलं तोडायची थांबली. काकूंना एखाद्याची आई सापडली की गोष्ट निम्मी आपली झालेली असते.

मग मी जमेल तेवढं सांगितलं. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे, म्हणून शाळेत पोरं 'बकी' म्हणायची. फ्रेडी हे नावसुद्धा शाळेतलंच. १९५८ मध्ये पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यात हा पियानोवर. पुढे झांझिबारला परत गेला, १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, घरदार सोडून सगळे लंडनजवळ फेल्टमला येऊन राहिले. १९७० मध्ये क्वीन. पैसा आला तरी दात काढले नाहीत, आवाज बदलेल म्हणून.

"शहाणा होता. मग आता कुठे असतो?"

"गेला काकू. २४ नोव्हेंबर १९९१. एड्स झाला होता. आजाराचं जगाला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता."

काकू चुकचुकल्या. मग त्यांनी हिशेब घातला, कारण त्या हिशेब घातल्याशिवाय राहत नाहीत. "पोरगी पंचविशीची दिसते. म्हणजे हा गेल्यावर जन्मली. ओळख ना पाळख, तोंड कधी बघितलेलं नाही, आणि एसटीत रडत आली? शाळेत काय होतं तरी रडण्यासारखं?"

"आतसुद्धा गेली नाही. शाळा चालू होती, बाहेरूनच बघितली."

"बाई गं!"

आता इथे मला खरं म्हणजे गप्प बसून वाळत घालायला हवं होतं, पण ह्या विषयावर मला गप्प बसता येत नाही. भावाच्या कॅसेटवरून मला हे वेड लागलं तेव्हा मी कॉलेजात होते. 'त्यांची गाणी एकट्या माणसाच्या मनातलं बोलतात' असं जे सगळे लिहितात ते मला कधी पटलं नाही. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' घ्या. १९७५ चं, जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं. रेडिओवर एवढं लांब कोण लावणार म्हणून कंपनीवाले कुरकुरत होते आणि इंग्लंडात ते नऊ आठवडे पहिल्या नंबरावर बसलं. त्याचा अर्थ काय ते फ्रेडीने मरेपर्यंत सांगितलं नाही. ह्या पोरीला विचारलं तर तिलाही येत नाही. पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाठ! मनातलं वगैरे काही नाही. ह्या लोकांनी ऐकणाऱ्याला काम दिलं, ही त्यातली गोम आहे.

"काम? पगारी?"

"तसं नाही हो. ऐका. १९७७ साली स्टॅफर्ड नावाच्या गावात ह्यांचा कार्यक्रम झाला. संपला, हे आत गेले, तर लोक घरी जायचं सोडून आपलंच एक गाणं म्हणत उभे. तिकडे फुटबॉलच्या मॅचला म्हणतात ते. म्हणजे ऐकायला आलेले लोक बँडला गाऊन दाखवतायत! गिटार वाजवतो तो ब्रायन मे, त्याच्या डोक्यात आलं, ह्यांना गप्प कशाला बसवायचं? ह्यांच्यासाठीच गाणं करू. दाटीवाटीने उभ्या माणसाला काय करता येईल? पाय आपटता येईल, टाळी वाजवता येईल, ओरडता येईल. झालं. 'वी विल रॉक यू'. दोन पाय, एक टाळी."

"म्हणजे कसं?"

मी बादली बाजूला ठेवून दाखवलं. धप, धप, टाळी. काकूंनी परडी भिंतीवर ठेवली, एका हाताने भिंत धरली आणि स्लिपर घातलेला पाय फरशीवर आपटला. धप, धप. टाळीला भिंत सोडावी लागली. दुसऱ्या खेपेला बरोबर जमलं. तिसऱ्या खेपेला माझ्यापेक्षा बरं.

"ह्याला गाणं कुठे यावं लागतंय?" काकू म्हणाल्या.

"तेच तर! आणि रेकॉर्डिंगची गंमत सांगू? त्यात ढोलबिल काही नाही. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत लाकडी फळ्या पडल्या होत्या, त्यांवर ह्यांनी पाय आपटले आणि तेच पुन्हापुन्हा भरलं. पण ब्रायन फिजिक्स शिकलेला. नुसता प्रतिध्वनी दिला असता तर मोठ्या हॉलमध्ये दोनचार माणसं आपटतायत असं वाटलं असतं. त्याने प्रत्येक आवाजाला वेगवेगळा उशीर दिला, मूळ संख्यांचा हिशेब धरून, म्हणजे एकावर एक बसणार नाहीत. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, आपण हजारोंच्या मध्ये उभे आहोत. घरी एकटीने कॅसेट लावली तरी."

काकूंना मूळ संख्यांचं काही पडलेलं नव्हतं. त्या आपल्याच विचारात होत्या. "आमच्या भजनी मंडळात ज्या बाईला सूर नाही ना, तिच्या हातात आम्ही टाळ देतो. नाही कशी म्हणणार? आणि सांगते तुला, गळा असलेल्या बायका दांड्या मारतात. टाळवाली एक गुरुवार चुकवत नाही."

मी चिमटे लावायचे विसरले. इतकी वर्षं मला जे नीट सांगता येत नव्हतं ते काकूंनी सांगून टाकलं होतं. आता मला थांबवणं अवघड होतं. 'रेडिओ गागा' हे गाणं ड्रमवाल्या रॉजर टेलरचं. त्याच्या लहानग्या पोराच्या तोंडून काहीतरी बोबडं निघालं, त्यावरून सुचलेलं. त्याच्या व्हिडिओत गर्दी हवी होती, ती भाड्याने आणली नाही, फॅन क्लबच्या माणसांना बोलावलं. पांढरे कपडे घालून शेकडो लोक डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवतायत. मग १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, इथियोपियाच्या दुष्काळासाठी लाइव्ह एड. सत्तर हजारांवर माणसं. सगळी काही क्वीनसाठी आलेली नव्हती, बाकी बँडही होते. ह्यांच्या वाट्याला वीसएक मिनिटं. गाणं सुरू झालं आणि सगळं मैदान त्याच टाळ्या, तशाच, त्याच ठिकाणी. कुणी शिकवल्या नव्हत्या. मी ती फिल्म पुष्कळदा पाहिली आहे आणि दर वेळी मी फ्रेडीकडे बघतच नाही, त्या हातांकडे बघते.

"आणि हंगेरीत फ्रेडीने काय केलं सांगू? १९८६. बुडापेस्ट. तिथल्या लोकांचं एक लोकगीत त्यांच्याच भाषेत म्हटलं. शब्द येत नव्हते, तर तळहातावर लिहून आणले होते आणि हात डोळ्यांसमोर धरून सगळ्यांदेखत वाचत होता. लपवलं नाही. लोक वेडे झाले."

"कॉपी केली म्हण की," काकू म्हणाल्या, पण कौतुकाने.

"तो गेल्यावर काय होईल? तर २०१७ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात दुसऱ्याच बँडचा कार्यक्रम होता. ते यायचे होते, स्टेज रिकामं, स्पीकरवर वेळ काढायला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लावलं. पासष्ट हजार माणसांनी ते सगळं म्हटलं. मधले गिटारचे तुकडेसुद्धा तोंडाने. रिकाम्या स्टेजकडे बघत."

काकू काही बोलल्या नाहीत. मग एकदम, "सगळं गोड गोडच सांगतेयस. घरात एक तरी वाईट गोष्ट असतेच."

आहे ना. १९८४ मध्ये हे दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला जाऊन गायले, वर्णभेद चालू असताना, सगळ्या जगाने बहिष्कार घातलेला असताना. संगीतकारांच्या संघटनेने दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेलं. आम्ही राजकारणासाठी नाही, लोकांसाठी वाजवायला गेलो, असं ह्यांचं म्हणणं. मला ते तेव्हाही पटलं नसतं, आजही पटत नाही. आमची पाहुणी तर ह्या विषयावर ब्रायनबद्दल असं बोलते की तो तिचा सख्खा काका असावा आणि त्याने कोर्टात खोटी साक्ष दिली असावी. ऐकणं मात्र सोडत नाही. परक्या माणसाचं चुकलं तर आपण रेकॉर्ड विकून टाकतो. इथे वर्षानुवर्षं भांडण चालू राहतं.

ब्रायनचा विषय निघाला म्हणून त्याच्या वडिलांचंही सांगितलं. बापलेकांनी मिळून घरीच गिटार बनवली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, मोटरसायकलच्या स्प्रिंगा, दांडीच्या टोकाला विणकामाची सुई. त्याच गिटारीपायी पोराने डॉक्टरेट अर्ध्यात सोडली तेव्हा वडील चिडले. पुढे न्यूयॉर्कला मोठा कार्यक्रम होता, त्याने आईवडिलांना कॉन्कॉर्ड विमानाने नेलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

"आणि डॉक्टरेट?"

"केली पुरी. २००७ मध्ये. साठीला. सूर्याभोवतीच्या धुळीवर."

"वडील होते?"

"नव्हते."

काकूंनी एक सुस्कारा टाकला आणि मुद्द्यावर आल्या. "बरं, तो पारशी. लग्न नव्हतं ना केलेलं? मग घर कुणाला गेलं?"

ह्याच्यासाठी तर आम्ही दोघी भिंतीशी उभ्या होतो. केन्सिंग्टनमधलं गार्डन लॉज, उंच भिंतीचं मोठं घर. ते मेरी ऑस्टिनला गेलं. तरुणपणी तिच्याबरोबर राहायचा. त्याला पुरुष आवडतात हे कळल्यावर संसार मोडला, पण मैत्री नाही मोडली. शेवटी त्याची सेवा करायला होता जिम हटन, त्याचा जोडीदार, आयरिश न्हावी. त्याला पाच लाख पौंड ठेवले, पण घर सोडावं लागलं. मालमत्तेतली निम्मी मेरीला, उरलेली आईवडील आणि बहिणीला. दस्तुरांनी पारशी प्रार्थना म्हटल्या, दहन झालं आणि अस्थी कुठे ठेवल्या ते फक्त मेरीला ठाऊक. तिने आजतागायत तोंड उघडलेलं नाही.

"म्हणजे ह्या लोकांनी फुलं वाहायची कुठे?"

"म्हणून तर! समाधी नाही ना. मग लोक गार्डन लॉजच्या भिंतीवर लिहायला लागले, दारावर लिहायला लागले. जपान, ब्राझील, कुठून कुठून येऊन. स्वित्झर्लंडला माँत्रोमध्ये तळ्याकाठी त्याचा पुतळा आहे, तिथे दर सप्टेंबरला त्याचा वाढदिवस करतात. आणि पाचगणीला येतात. त्यातलीच ही."

"दारावर लिहिलेलं तसंच आहे?"

"दार विकलं काकू. २०२३ मध्ये मेरीने घरातलं जवळजवळ सगळं लिलावात काढलं, सदबीज म्हणून कंपनी आहे त्यांच्याकडे. आधी महिनाभर फुकट बघायला ठेवलं होतं, लाखाच्या वर लोक रांगा लावून बघून गेले. त्याचा पियानो, त्याचे झब्बे, मिशीचा कंगवासुद्धा. आणि ते हिरवं दार, लोकांच्या अक्षरांसकट. ४ लाख १२ हजार पौंड. आपले चार कोटींच्या वर."

"दाराचे चार कोटी? ज्यांनी लिहिलं त्यांना काय मिळालं?"

"काही नाही."

"अक्षर त्यांचं, पैसे हिचे," काकू म्हणाल्या. त्यांचा निकाल लागला होता. मी मेरीची बाजू घेऊन बघितली. तीस वर्षं तिने ते घर सांभाळलं, तिचंही आता वय झालं, पैशांतला वाटा तिने दानही केला. काकूंनी ऐकून घेतलं. पटवून नाही घेतलं. "बाकीचे तिघे काही बोलले नाहीत?"

"ब्रायनला वाईट वाटलं, तसं त्याने लिहिलं होतं. रॉजर आणि तो नंतरही कार्यक्रम करत राहिले, दुसरा गायक घेऊन. चौथा जॉन डीकन, तो बास वाजवायचा. तो नाही येत."

"का? भांडण?"

"नाही हो. फ्रेडी गेल्यावर त्याचं मनच लागेना. १९९७ नंतर बंदच. मुलाखत नाही, फोटो नाही, बक्षीस घ्यायलासुद्धा आला नाही. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, पहिल्या वर्गात पास. रस्त्यावर फेकलेल्या भंगारातून एक सर्किट उचलून त्याने छोटा अँप्लिफायर बनवला होता, तो ब्रायन रेकॉर्डिंगला वापरायचा. सहा मुलं आहेत. आपला घरी असतो."

"फोटो आहे?"

फोन घरात होता, ओल्या हाताने जाऊन आणला. काकूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोन लांब धरला, जवळ धरला. १९७७ मधला जॉन, केस खांद्यापर्यंत, सगळ्यांच्या मागे उभा.

"हा? हा चांगला वाटतो गं. मागे उभा राहतो बघ." मग फोन परत न देता, "ह्याच्या तब्येतीचं काही कळतं का? सत्तरी उलटली असेल ना?"

"उलटली. पंचाहत्तरीकडे."

"मग त्याला कशाला ये ये करतात मेले! बसू दे घरी. आणि त्या दोघांनी तरी जावं कधी भेटायला. जातात का?"

मी म्हटलं, तेवढं नाही माहीत. काकू म्हणाल्या, मग त्या पोरीला विचारून ठेव, मी संध्याकाळी येते.