पी ढबाक, कुकर आणि पाहुणे

आषाढातल्या मंगळवारी किंवा शुक्रवारी कोल्हापुरात कुणी “आज जेवायला काय?” असं विचारलं, तर तो माणूस नक्की बाहेरगावचा. पंचगंगेला नवं पाणी आलेलं असतं आणि त्र्यंबोली म्हणजे टेंबलाई देवीची यात्रा सुरू झालेली असते. पुढे पी ढबाक वाद्यांचा दणदणाट, मागे घागरी घेतलेल्या पोरी, त्यांच्या मागे मंडळाचे कार्यकर्ते आणि सगळ्यांच्या डोक्यावर पाऊस, अशी एकेका गल्लीची मिरवणूक टेंबलाईच्या टेकडीकडे निघते. देवीला नवं पाणी वाहायचं, नैवेद्य दाखवायचा, आणि मग गल्लीच्या वर्गणीतल्या मटणाचे वाटे घरोघर पोचायचे. वाटा मोजून मिळतो. पाहुणे मात्र मोजून येत नाहीत.

मटणाच्या बाबतीत हे शहर थट्टा खपवून घेत नाही. 2019 साल संपताना मटणाचे दर चढले, तेव्हा कोल्हापुरात रीतसर आंदोलन झालं आणि कसबा बावड्याने त्यात पुढाकार घेतला होता. इतर गावं पाण्यासाठी, रस्त्यांसाठी मोर्चे काढतात. कोल्हापूर तेही काढतं, पण घोषणांना खरा जोर रश्श्याचा प्रश्न आला की चढतो.

वाटा घरात आला की घरातल्या कर्त्या पुरुषात, म्हणजे काकांमध्ये, बदल दिसू लागतो. वर्षभर ज्याला चहापत्तीचा डबा सापडत नाही, तो बाह्या सारून ओट्याशी उभा राहतो. “आज तुमी सगळ्या बायका बसून राहा. मटण मी करतो.” मग बसून राहिलेल्या बायकांपैकी एक कांदे चिरते, एक खोबरं किसते, एक लसूण सोलते, एक खसखस भिजवते आणि एकीला फक्त “चमचा कुठाय?” या प्रश्नाची उत्तरं द्यायला नेमलेलं असतं. काका तेवढं ढवळतात. गल्लीत दुसऱ्या दिवशी नाव काकांचंच होतं.

कोल्हापुरात मर्दानगी तिखटावर मोजतात. खर्डा भाकरीवर पसरून खाताना ज्याच्या डोळ्याला पाणी आलं, त्याची तालमीतली सगळी पुण्याई गेली. यात्रेच्या दिवसाचा घोळ इथूनच सुरू होतो. जे झोंबतं, त्याला सगळा गाव मान देतो. जे झोंबत नाही, म्हणजे वाफ, गॅसची नळी, कोमट पातेलं, त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. दवाखान्यात नेण्याची ताकद मात्र या गरीब मंडळींतच जास्त असते.

आता मटण धुण्याचंच घ्या. काका नळ पूर्ण सोडतात आणि धारेखाली मटण धरतात. धार फोडींवर आपटते आणि तिथून ओटा, शेजारची कोथिंबीर, काकडीचं ताट आणि काकांचा शर्ट असा दौरा करते. कच्च्या मांसावरचे जंतू पाण्याने मरत नाहीत, फक्त त्यांचा मुक्काम हलतो. मटण शिजणार असल्यामुळे त्यावरचे जंतू मरतील. कोशिंबीर कुणीच शिजवणार नसतं. म्हणून मटण धुवायचंच असेल तर पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धुवावं, आणि त्याची सुरी-पाट काकडीला लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं सांगितली आहेत. कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा, हे त्यातलं एक. घरातली आत्या तेच एका वाक्यात सांगते, “त्या सुरीनं लिंबू कापलंस तर हात मोडून ठेवीन.” संघटनेच्या जिनिव्हातल्या भाषेत एवढी धार नाही.

मग कुकर चढतो. काका मनाने चुलीवाले आहेत, पण पाहुणे दारात आल्यावर तत्त्व बाजूला राहतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे इथलं पाणी शंभरऐवजी अठ्ठ्याण्णव अंशांच्या सुमाराला उकळतं. बंद कुकरात वाफ कोंडली की तापमान एकशेवीसच्या घरात जातं आणि निबर बोकडही शरण येतो. ही युक्ती डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच माणसाने 1679 मध्ये लंडनात दाखवली. भांडं फुटू नये म्हणून त्याने त्यावर वजन लटकवलेली सुरक्षा-झडपही बसवली. आजच्या कुकरवर नाचणारी शिट्टी त्याच घराण्यातली. 1682 मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्याने या भांड्यात शिजवलेलं जेवण घातलं. त्यांच्यापैकी जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत नोंद केली आहे की कडक हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती. म्हणजे नळी चोखण्याचा आनंद विलायतेतल्या शास्त्रज्ञांना साडेतीनशे वर्षांमागे कळला होता. फक्त बरोबर तांबडा रस्सा नव्हता, एवढीच त्या जेवणातली उणीव.

पापिनला जी काळजी होती, ती काकांना नसते. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नये असं कंपनी पुस्तिकेत छापते. पाहुणे वाढतील तसे काका फोडी दाबून बसवतात. शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का, हे बघायला दोन सेकंद लागतात. ते राहून जातं. मागच्या आठवड्यातल्या डाळीचं एखादं साल त्या नळीत बसलेलं असतं, आणि चार शिट्ट्यांच्या जागी एकही येत नाही. “होतंय हळूहळू,” काका म्हणतात. अशा वेळी उपयोगी पडावा म्हणून झाकणावर सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. दाब आणि उष्णता हाताबाहेर गेली की त्यातला धातू वितळतो आणि वाफ तिथून सुटते. तो एकदा उडाला की त्याच कंपनीचा नवा बसवायचा. पण कोल्हापुरी बुद्धीला बाजारात मिळेल तो, दीड-दोन रुपयांनी स्वस्त, जवळपास त्याच मापाचा चालतो. कुकरला तो चालत नाही.

त्याहून धोक्याचा क्षण शिट्ट्या झाल्यानंतरचा. पाहुण्यांची पहिली पंगत बसलेली असते आणि झाकण निघत नसतं. काका उलथन्याने शिट्टी उचलून धरतात, फुस्स आवाज थांबायच्या आधीच झाकण फिरवतात. आतली वाफ बाहेर यायला टपूनच बसलेली असते. दाब आपोआप उतरेपर्यंत थांबावं, हा उपाय सगळ्यांना माहीत आहे. पण तेवढ्यात कुणीतरी बाहेरून विचारतं, “झालं का न्हाई अजून?” आणि काकांचा स्वाभिमान आड येतो.

इकडे मसाला भाजून तयार आहे. कांदा, सुकं खोबरं, तीळ, सगळं धगधगीत. थंड होऊ देण्याइतका वेळ कुणाकडे आहे? ते तसंच मिक्सरच्या भांड्यात जातं आणि वर गरम पाण्याचा वाडगा. बटण दाबलं की भांड्यातली वाफ झपाट्याने फुगते, झाकण उडतं आणि मसाल्याची नक्षी थेट छतापर्यंत जाते. नशीब असेल तर छतावरच. स्वयंपाकघरं रंगवण्याचा मुहूर्त दिवाळीऐवजी आषाढ संपल्यावर काढणारी घरं कोल्हापुरात सापडतील.

चटणीचा डबा उघडतो. रंगाला ब्याडगी, जोराला संकेश्वरी, अशी उन्हाळ्यात कांडपावर तयार झालेली कांदा-लसूण चटणी. मिरचीचा हात चुकून डोळ्याला लागला की घरभर “पाणी, पाणी!” होतं. डोळ्याला भरपूर पाणी बरोबरच आहे. हातांना मात्र नुसत्या पाण्याने काही फरक पडत नाही. झोंबणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी हाताला तेल चोळावं, मग साबणाने धुवावं. तोंड पोळलं तर दूध किंवा दही. पांढरा रस्सा पानात तांबड्याच्या शेजारीच का बसतो, याचं एक कारण त्यातलं नारळाचं दूध आणि काजू-तीळ-खसखशीचं वाटण देऊन जातं.

पांढऱ्याचं संकट वेगळं. खोबऱ्याचं दूध घालून मोठ्या आचेवर उकळी आणली की रस्सा फुटतो. यात कुणी भाजत नाही, पण घरात सुतकी शांतता पसरते. काका मोबाइलवर बोलत होते, हे सगळ्यांना माहीत असतं. बोलत कुणीच नाही.

कट यावा म्हणून तेल सढळ हाताने पडतं आणि धूर येईपर्यंत तापतं. कढईने पेट घेतला तर पहिला हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. तोच हात धरून ठेवायचा. उकळत्या तेलात पडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, तिचं आकारमान जवळपास सतराशे पट वाढतं, आणि पेटतं तेल कढईबाहेर फेकलं जातं. गॅस बंद करायचा, वरून झाकण सरकवायचं, कढई हलवायची नाही. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगला घराघरांत टर्की भाजतात, आणि घरगुती स्वयंपाकाच्या आगी तिथे वर्षात त्याच दिवशी सर्वांत जास्त लागतात, असं तिथली अग्निसंरक्षण संघटना सांगते. बर्फाळ टर्की अंगणात उकळत्या तेलाच्या पिंपात सोडणारे हौशी काकाही तिथे आहेत. बर्फाचं तेलात काय होतं, हे त्यांना लगेच कळतं, शेजाऱ्यांना त्याहून लवकर. हौशी पुरुष आणि सणाचं मांस ही जोडी जमली की देश कोणता, याने फारसा फरक पडत नाही.

चटका बसलाच, तर घरातला प्रत्येक माणूस वैद्य होतो. एकजण टूथपेस्ट आणतो, एकीच्या हातात हळद, तिसरा बर्फ घासू लागतो. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी सोडायचं, अंगठी-बांगडी आधीच काढायची, बाकी काही लावायचं नाही. वीस मिनिटं पाणी वाहू देणं आत्याला पटत नाही. “मीटर पळतोय,” ती म्हणते, पण हात तीच धरून उभी राहते.

गॅसची एक वेगळी बाब. यात्रेला घरातली शेगडी पुरत नाही, म्हणून शेजारच्याकडून मोठी भट्टी येते आणि तिच्याबरोबर कुणाच्या तरी लग्नापासूनची रबरी नळी. ज्या नारंगी सुरक्षा नळ्या मिळतात, त्यासुद्धा पाच वर्षांनी बदलायच्या असतात. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे गळती झाली की तो वर न जाता फरशीलगत, ओट्याखाली साचतो. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. त्याला स्वतःचा वास नसतो. कळावं म्हणून इथाइल मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. अडचण एवढीच की त्या दिवशी घरात लसूण, सुकं खोबरं, तिखट आणि अगरबत्ती यांचा एवढा परिमळ असतो की वास ओळखण्याचं काम एखाद्या नाकाकडे रीतसर सोपवावं लागतं. तो आलाच, तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, पंखा बंद करायलासुद्धा नाही. मग बाहेर येऊन 1906 या आपत्कालीन क्रमांकावर फोन.

जेवणं होतात. वरपण्याचे आवाज गल्लीभर ऐकू येतात. काकांना शाबासक्या मिळतात, रश्श्यात मीठ कमी होतं हे सांगायला कुणी धजावत नाही. आणि इथून पुढे, सगळे आडवे झाल्यावर, दिवसाचा सर्वांत धोकादायक पदार्थ ओट्यावर झाकून ठेवलेला असतो. अर्धं भरलेलं मोठं पातेलं. मुरलेला रस्सा सकाळी भाकरीबरोबर जास्त चांगला लागतो, हे खरंच आहे. पण मोठं, दाट, झाकलेलं पातेलं तासन्‌तास कोमट राहतं, आणि क्लोस्ट्रिडियम पर्फ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूला तेवढंच हवं असतं. त्याचे बीजाणू उकळीतूनही वाचतात. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उबेत तो इतक्या वेगाने वाढतो की दहाएक मिनिटांत संख्या दुप्पट. गल्लीतल्या मंडळाचे कार्यकर्तेसुद्धा वर्गणीच्या वेळी एवढ्या झपाट्याने वाढत नाहीत. म्हणून उरलेलं मटण दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत वाटून फ्रिजमध्ये जावं, पाच अंशांच्या खाली. दुसऱ्या दिवशी नुसतं कोमट करू नये, खदखदून उकळावं. पावसाने वीज गेली, तर फ्रिजचं दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो, पण “आत मटण बरं आहे का?” हे बघायला दर दहा मिनिटांनी येणाऱ्याचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

पुण्याच्या लेकीचा डबा हा शेवटचा वाद. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा रस्ता, पावसातली एसटी, आणि पिशवीत गरम रश्श्याचा डबा. काकांचा आग्रह गरमच न्यायचा. आत्या ऐकत नाही. ती डबा रात्रीच फ्रीजरमध्ये टाकते, सकाळी तो दगडासारखा झाल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळते आणि वरून टॉवेल बांधते. “मी सांगते तसं न्या, न्हाईतर नेऊच नका.” काका डबा मांडीवर घेऊन जातात. दुपारी पुण्याहून फोन येतो.

“आत्या, रस्सा पोचला. पण मधोमध अजून बर्फच आहे. फोडायला हातोडी आणू का?”

“हातोडी नको. उकळ चांगला. आणि तुझ्या काकाला शेगडीजवळ उभं करू नको.”